भाजी वाळवावी कशी, आणि जव्हार-मोखाड्यात का

दसऱ्याच्या सुमारास जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की उतारांवर पिकायला आलेली नागली आणि वरई दिसते, आणि पाड्यांवर घरापुढच्या मांडवांवर वेल चढलेले असतात. दोडका, कारलं, काकडी, भोपळा, कडेला चवळी आणि भेंडी. या दिवसांत एका घराला खाऊन संपणार नाही एवढी भाजी परसात असते. शेजाऱ्याला द्यावी, तर त्याच्याही मांडवावर तेच असतं. बाजारात न्यावी, तर गाडीभाडं सुटेल की नाही याची खात्री नाही. मग काही दोडके वेलावरच जून होतात, भोपळ्याचा पाला गुरांपुढे जातो, पिकून पिवळी पडलेली काकडी बियाण्यापुरती ठेवून बाकी टाकली जाते.

त्याच घरी एप्रिलमध्ये ताटात काय असतं? भात किंवा नागलीची भाकरी, उडदाचं किंवा तुरीचं कालवण, सुकट, मिरची. हिरवं पान नाही. विहिरीनं तळ गाठलेला असतो, प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, त्यातलं परसबागेला कोण घालणार? भाजी घ्यायची तर ती तोरंगण घाट उतरून नाशिककडून आलेली, रोख पैसे मोजून.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली काळा कातळ, वर पातळ माती, जमीन उताराची. पाणी येतं तसं वाहून जातं. वैतरणेवर धरणं आहेत, त्यांतलं मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यातच आहे, पण ते पाणी मुंबईसाठी. इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. भाजीचं वेळापत्रक पाण्याच्याच मागे चालतं. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानभाज्या, मग टाकळा, कुर्डू, माठ, करटोली, श्रावण-भाद्रपदापासून मांडवावरच्या भाज्या, थंडीत ओलावा टिकेल तिथे वाल, वांगी, टोमॅटो, मुळा, मेथी. माघानंतर काही नाही. म्हणजे वर्षाचा हिशेब घातला तर भाजी कमी पडते असं म्हणता येत नाही. ती एका बाजूला साठून येते आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. ऑक्टोबर ते जानेवारीतलं हिरवं मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पोचवता आलं, तर ही पोकळी बरीच भरते. त्यासाठी वीज लागत नाही, शीतगृह लागत नाही. वाळवणं पुरतं.

हे लिहिताना एका गोष्टीचं भान ठेवतो. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले बालमृत्यू उघडकीस आले आणि कुपोषण या विषयाशी जव्हार-मोखाड्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. रोजगार, स्थलांतर, लवकरची लग्नं, दवाखान्याचं अंतर, पिण्याचं पाणी अशी त्याची मुळं खोल आहेत. मूठभर वाळला पाला त्यातलं काही मुळातून बदलणार नाही. पण आई आणि मूल सलग तीन-साडेतीन महिने हिरव्या पानाशिवाय जेवतात, ही एक कमतरता त्या घराच्या हातानंच दूर होण्यासारखी आहे, आणि म्हणून ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं.

परसबागेचं काम या भागात नवं नाही. जव्हारचं प्रगती प्रतिष्ठान 1972पासून काम करतंय. मोखाड्यात निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या पुढाकारातून उभी राहिलेली ‘आरोहन’ आहे. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बायफ या संस्थेनं गुजरातेत वांसद्याला 1982मध्ये वाडीचा प्रयोग केला आणि तो पुढे जव्हारच्या डोंगरांतही आणला. साधारण एकरभर जमिनीत आंबा, काजू, कडेला बांधावरची झाडं आणि मधल्या जागेत भाजीपाला, अशी ती वाडी. शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या आवारातही आता वाफे दिसतात. बियाणं वाटप होतं, वाफे कसे करावे हे शिकवलं जातं. वाफ्यातून एकदम आलेल्या भाजीचं पुढे काय करायचं, हा धडा मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातो.

खरं तर वाळवून ठेवणं या मातीला शिकवावं लागत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं वेचून अंगणात वाळवली जातात. कैरीच्या फोडींची आंबोशी होते, चिंच होते, मिरची होते. किनाऱ्यावर सातपाटी, डहाणूकडे बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळतात आणि डोंगरातल्या आठवडी बाजारात त्यांना पावसाळ्यापूर्वी मोठी मागणी असते. बियाण्याचं कणीस चुलीच्या धुराखाली टांगून ठेवणं घरोघर चालतं. घाटावर गेलात तर हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवतात आणि वर्षभर त्याची भाजी करतात. विदर्भात वांग्याच्या फोडी वाळवतात. गवार आणि कारली मीठ घातलेल्या ताकात मुरवून वाळवायची आणि तळून जेवणात घ्यायची, हे तर जवळपास साऱ्या महाराष्ट्रात चालतं. कोहळ्याचे सांडगे घरोघर होत. म्हणजे मासा, फूल, फळ, शेंग, सगळं वाळवून झालंय. जव्हार-मोखाड्यात त्यात परसातली पालेभाजी आणि वेलभाजी तेवढी आणायची आहे.

या बाबतीत मला काश्मीरपेक्षा झिम्बाब्वेचं उदाहरण जवळचं वाटतं. काश्मिरात बर्फामुळे वाट बंद होते म्हणून दुधी, वांगी, टोमॅटो वाळवतात आणि त्याला ‘होख स्यून’ म्हणतात. झिम्बाब्वेत थंडीचा प्रश्न नाही. तिथेही पाऊस वर्षातून एकदाच, चार-पाच महिने पडतो, मग लांबलचक कोरडा काळ. पावसात भरपूर आलेला पाला तिथल्या बायका थोडा उकळून वाळवतात आणि कोरड्या महिन्यांत लापशीबरोबर खातात. त्याला ‘मुफुश्वा’ म्हणतात. पाला कोणता, तर चवळीचा आणि भोपळ्याचा. जव्हारच्या मांडवावर आणि बांधावर जो पाला गुरांसाठी काढला जातो, तोच.

आता वाळवण्यामागचं कारण पाहू. भाजी नासते ती बुरशी, जिवाणू आणि भाजीतल्याच विकरांमुळे, म्हणजे पेशींमधल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे. या तिघांनाही पाणी लागतं, आणि तेही मोकळं, कशाला बांधलं न गेलेलं पाणी. हे मोकळं पाणी मोजायची एक पट्टी आहे. शुद्ध पाण्याला 1 धरलं, तर बहुतेक जिवाणू 0.91च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरशा 0.80च्या खाली थांबतात, आणि 0.60च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. कुरकुरीत वाळलेला पाला या शेवटच्या आकड्याच्याही बराच खाली जातो. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. वाढ थांबते याचा अर्थ सगळे जंतू मरतात असा नाही. वाळताना बसलेले काही जंतू निजल्यासारखे तग धरून राहतात. म्हणून सारवलेल्या अंगणात किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला थेट भाजी पसरणं योग्य नाही. जमिनीपासून हात-दीड हात उंच बांबूची ताटी, तिच्यावर धुतलेलं सुती कापड आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा, एवढं पुरेसं आहे. बांबूचं विणकाम जाणणारे हात इथे आहेत. ताटीच्या फटींतून खालूनही वारा लागतो, त्यामुळे भाजी दोन्ही अंगांनी सुकते.

किती पाणी काढायचं असतं? एक किलो भेंडीत सुमारे 900 ग्रॅम पाणी असतं आणि 100 ग्रॅम कोरडा ऐवज. नीट वाळलेल्या भेंडीत आठ टक्के पाणी उरतं असं धरलं तर वजन साधारण 109 ग्रॅम भरतं. जवळपास नवव्या हिश्श्यावर येतं. हे 890 ग्रॅम पाणी वाफ करून घालवायला लागणारी उष्णता विजेच्या भाषेत सुमारे 0.6 युनिट. आणि आपल्याकडे निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटरवर हिवाळ्यातही दिवसाला साडेचार-पाच युनिटांच्या आसपास ऊर्जा पडते. ऊन कमी पडत नाही. अडतं ते बहुधा हवेच्या दमटपणावर.

हवा पाणी किती उचलेल हे तिच्या तापमानावर आणि तिच्यात आधीच किती ओल आहे यावर ठरतं. 30 अंशांची, 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा तापवून 50 अंशांवर नेली, तर तिच्यातली ओल तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे 20 टक्क्यांवर येते. तीच हवा एकाएकी तहानलेली होते. म्हणून जुलैत पाऊस उघडला तरी पाला काळा पडून कुबट होतो, आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात, परतीचा पाऊस गेल्यावर, तोच पाला दोन दिवसांत खडखडीत होतो. म्हणूनच रात्री भाजी आत घ्यायची. जव्हारच्या डोंगरावर थंडीत दव चांगलंच पडतं. दिवसभर गेलेलं पाणी एका रात्रीत परत भाजीत शिरतं, आणि असं दोन-तीनदा झालं की बुरशीला वेळ मिळतो.

वाळण्याचे दोन टप्पे असतात. सुरुवातीला पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि हे काम झपाट्यानं होतं. मग आतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपायला लागतं आणि वेग मंदावतो. या दुसऱ्या टप्प्यात जाडीला फार महत्त्व आहे. चकती निम्मी पातळ केली तर वेळ ढोबळमानानं चौथाईवर येतो. म्हणून कारलं, भोपळा, मुळा, वांगं यांच्या चकत्या तीन ते पाच मिलिमीटरच्या आणि सगळ्या सारख्या असाव्यात. जाड-बारीक मिसळल्या की बारीक करपतात, जाड आतून ओल्या राहतात. याच टप्प्यात घाई केली, म्हणजे ताज्या फोडी पहिल्या तासातच फार तापलेल्या पत्र्यावर टाकल्या, तर वरची साल कडक होऊन आतल्या पाण्याची वाट बंद होते. बाहेरून वाळलेली दिसणारी ती फोड डब्यात गेल्यावर आठवड्यात बुरसते. 55 ते 60 अंश हे तापमान भाज्यांना मानवतं.

पालेभाजीला मात्र थेट ऊन देऊ नये, आणि आपल्याकडे सर्रास चुकतं ते इथेच. पाल्यातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ते उन्हात आणि हवेत झपाट्यानं नष्ट होतं. हिरवा रंगही फिका पडतो. रंग गेलेला पाला दिसला की समजावं, बरंच काही गेलंय. पाला सावलीत वाळवावा, पण वाऱ्यावर. त्यासाठी घरापुढचा मांडव उत्तम. वर पेंढा असतो, चारही बाजू मोकळ्या असतात. चवळी, भोपळा, अंबाडी, माठ, मेथी, शेवगा यांचा कोवळा पाला खुडून, दोन पाण्यांनी धुऊन, पाणी पुरतं निथळवून पातळ थरात पसरायचा. दिवसातून दोन-तीनदा वरखाली करायचा. ऑक्टोबरनंतर चांगल्या वाऱ्यात एक-दोन दिवस लागतात.

वाळवण्याआधी एक पायरी अशी आहे की जिच्याबद्दल मी आग्रह धरीन. ती म्हणजे वाफवणं. पातेल्यात चार बोटं पाणी उकळायचं, वर चाळणी ठेवून पाला एक-दोन मिनिटं आणि चकत्या तीन-चार मिनिटं वाफेवर धरायच्या, मग लगेच पसरायच्या. वर सांगितलेली विकरं वाळल्यावरही पूर्ण थांबत नाहीत. साठवणीत ती रंग, वास आणि कॅरोटीन खात राहतात. वाफेनं ती निकामी होतात. पृष्ठभागावरचे बरेच जंतूही जातात, आणि पेशींच्या भिंती सैल झाल्यानं भाजी लवकर वाळते. उकळत्या पाण्यात बुडवूनही हे होतं, पण त्यात जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. वाफेला पाणीही थोडं लागतं आणि तेच पुढच्या चार घाण्यांना चालतं. मिरची, कोथिंबीर, कांदा, लसूण आणि टोमॅटो यांना वाफवायची गरज नाही. टोमॅटो आडवे कापून, मीठ लावून, कापलेली बाजू वर ठेवून कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवले की चामड्यासारखे चिवट होतात. त्यातला आंबटपणा त्यांना सांभाळतो.

प्रत्येक भाजी वाळवण्याजोगी नसते. काकडीत सारं पाणीच, वाळून हाती काही लागत नाही. दोडका जून असेल तर दोरा उरतो. यांच्यासाठी सांडगे हा जुना मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भोपळा, काकडी, कोवळा दोडका किसून पिळून घ्यायचा, भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीत मिसळायचा, मीठ, तिखट, जिरं घालून छोटे सांडगे तोडायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. पिळून निघालेलं पाणी डाळ वाटायला वापरावं. उडीद घरचाच असतो. भाजी आणि डाळ एकत्र टिकते, आणि उन्हाळ्यात तेलावर परतून रस्सा केला की एक पूर्ण कालवण होतं. लाल भोपळ्याच्या पातळ पट्ट्या मात्र नुसत्याही छान वाळतात. त्यांत कॅरोटीन भरपूर असतं, म्हणून लहान मुलांसाठी त्या आवर्जून कराव्यात आणि पाल्याप्रमाणेच सावलीत वाळवाव्यात. मुळात आख्खा पक्व भोपळा देठासकट कोरड्या जागी काही महिने टिकतोच. चिरलेला, डागी किंवा फुटलेला भोपळा वाळवायला घ्यावा.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांचं काय, हा प्रश्न लोक विचारतात. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होतात, शहरी माणसं कौतुकानं येतात, आणि कुणीतरी म्हणतंच की या भाज्या वाळवून वर्षभर विका. माझं मत विरुद्ध आहे. श्रावणातल्या हवेत उघड्यावर वाळवणं होत नाही. चुलीवरच्या उबेला ठेवावं तर धुराचा वास आणि काजळी भाजीत शिरते. शिवाय शेवळासारख्या काही रानभाज्या विशिष्ट पद्धतीनं, आंबट घालून शिजवल्या नाहीत तर घशाला खाज सुटते. वाळवून दुसऱ्याच्या हाती दिल्यावर ती रीत पोचेलच असं नाही. त्या ताज्याच खाव्यात. वाळवणाचा हंगाम ऑक्टोबरपासून धरावा.

ज्यांना थोडा खर्च शक्य आहे त्यांनी सौर वाळवणीपेटी करावी. लाकडी किंवा पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर काच किंवा उन्हाला टिकणारा प्लास्टिकचा कागद, खालच्या बाजूला हवा आत यायला जाळीची भोकं आणि मागे वरच्या बाजूला दमट हवा बाहेर जायला धुराडं. तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते, खालून कोरडी हवा ओढली जाते, पंखा लागत नाही. पाल्यासाठी वरच्या काचेवर कापड टाकावं म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि ऊब मिळते. माशी, धूळ, कोंबड्या, अवेळी सर, सगळ्यांपासून सुटका. याच कल्पनेवर महाराष्ट्रात मोठं काम झालंय. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेशिवाय चालणारा सौर वाळवणी संच तयार केला, त्याला 2013मध्ये डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज हा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ला 2023चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत गावातल्या स्त्रिया शेतमाल वाळवतात आणि तो खाद्यउद्योगांना जातो.

वाळलेलं ओळखायचं कसं? पाला मुठीत चुरडला की त्याचा चुरा व्हायला हवा. चकती वाकवली की आवाज करून मोडायला हवी. ही परीक्षा भाजी थंड झाल्यावर घ्यावी, कारण गरम असताना कोरडी भाजीही मऊ लागते. मग ती पारदर्शक बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेवायची, रोज एकदा हलवायची. एखाद-दुसरी फोड ओली राहिली असेल तर तिची ओल सगळ्यांत वाटली जाते. बरणीच्या आत दमटपणाचे थेंब दिसले तर सगळं पुन्हा वाळवायचं. बुरशीचा ठिपका किंवा कुबट वास आला तर मात्र हळहळ न करता फेकून द्यायचं. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते उन्हानं जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि यकृतावर घाव घालतं.

यानंतर अंधारात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. एका मोठ्या डब्यापेक्षा चार-पाच लहान डबे चांगले. दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, लहान डब्यात नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. पाल्याची पूड आधीच करून ठेवू नये, ती ओल लवकर धरते. लागेल तशी हातानं चुरावी. आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी सगळं संपवावं. पुढच्या वर्षासाठी राखण्यात अर्थ नाही, ते पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा येणारच आहे.

पोषणाबद्दल बाजारात फार अतिशयोक्ती चालते. शेवग्याच्या वाळल्या पाल्यात ताज्यापेक्षा कित्येक पट लोह, असं पाकिटांवर लिहिलेलं असतं. पाणी गेलं की शंभर ग्रॅममागचा आकडा वाढणारच. पण ताटात तो पाला चमचाभरच पडतो. खरा हिशेब असा की लोह, कॅल्शियम, चोथा आणि प्रथिनं वाळवल्यावरही जवळपास तेवढीच राहतात. कॅरोटीनचा काही भाग जातो, वाफवून सावलीत वाळवलं तर कमी जातो. क जीवनसत्त्व बहुतेक सगळंच जातं. ते उन्हाळ्यात कैरीतून, करवंदातून, लिंबातून मिळवता येतं. आंबट पदार्थ जोडीला असला तर पाल्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते. कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल हवं. जव्हार-मोखाड्यात खुरासणी पिकते, तिच्या तेलात लसूण-मिरची तडतडवून भिजवलेला पाला परतला तर तेही साधतं. भिजवायला अर्धा तास कोमट पाणी पुरतं, आणि ते पाणी फेकायचं नाही, डाळीत घालायचं. नागलीच्या पिठात मूठभर चुरा मळून भाकरीही थापता येते.

एका पाच माणसांच्या घराला किती लागेल? एका वेळी 40 ग्रॅम वाळला पाला म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम ताजी भाजी, माणशी 70-80 ग्रॅम. मार्चपासून मृगापर्यंतचे शंभर दिवस धरले आणि दिवसाआड भाजी केली, तर पन्नास वेळा मिळून दोन किलो वाळला पाला लागतो. ताज्या हिशेबानं अठरा-वीस किलो. ऑक्टोबर ते जानेवारीच्या पंधरा-सोळा आठवड्यांत दर आठवड्याला सव्वा किलो पाला खुडून वाळवायचा. एका चांगल्या मांडवाला आणि चवळीच्या दोन ओळींना हे जड नाही.

या दोन किलोंचं मोल सर्वांत जास्त आहे ते स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना. दिवाळीनंतर कित्येक घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. सोबत लहान मुलं असतात. भट्टीवर परसबाग नसते, आठवड्याची खर्ची मिळते आणि ती तांदूळ, तेल, मीठ-मिरचीत संपते. गाठोड्यात वीस किलो ताजी भाजी नेता येत नाही, दोन किलो वाळली नेता येते. जाण्यापूर्वीचा महिना म्हणजे नेमका भाजीचा भर आणि वाळवणाचा हंगाम. या कुटुंबांना वाळवणीच्या ताट्या आणि डबे आधी मिळायला हवेत.

विक्रीचं नंतर पाहू. मुंबई जवळ आहे, डोंगरातल्या मालाला गिऱ्हाईक आहे, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली केंद्राची अनुदान योजनाही सुरू झाली. बचतगटांनी तो विचार जरूर करावा, अन्न सुरक्षेची नोंदणी करून, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे प्रशिक्षणाची मागणी करून करावा. पण वाळवलेली पहिली बरणी घरात राहावी, दुसरी अंगणवाडीत जावी, आणि तिसरी बाजारात. उलट क्रम लागला तर पाड्यावरचं हिरवं शहरात जाईल आणि पाड्यावरच्या पोराच्या ताटातली पोकळी तशीच राहील.

अंगणवाडीचा मुद्दा पुरता व्यवहार्य आहे. आदिवासी भागात 2015पासून गरोदर आणि स्तनदा मातांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण दिलं जातं, आणि त्यात हिरवी भाजी अपेक्षित आहे. एप्रिल-मे महिन्यांत ती कुठून आणायची हा अंगणवाडीताईंपुढचा दरवर्षीचा प्रश्न. प्रत्येक अंगणवाडीला बांबूच्या दोन ताट्या, मच्छरदाणीचं कापड आणि झाकणाचे सहा डबे दिले, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाला गोळा करण्याचा एक दिवस ठरवला, तर हा प्रश्न पाड्यावरच सुटेल. परतीचा पाऊस थांबला की लगेच ही तयारी व्हायला हवी. जानेवारी संपला की वेल वाळलेले असतात.